हाताची रेस आणि सीलबंद स्क्रू

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुना ट्रॅक्टर लोडवर दबायला लागला की डिझेल पंपावरचा सीलबंद स्क्रू पिळायची जी पद्धत गावोगावी आहे, ती बंद व्हायला हवी. धोक्याची तर ती आहेच, पण बहुतेक वेळा तिचा उपयोगही होत नाही!

आता कोडिंगवाल्याने हा विषय का काढावा? कारण मंडळी, गव्हर्नर म्हणजे आपला फीडबॅक लूपच. जेम्स वॅटने तो 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवला, मॅक्सवेलने 1868 मध्ये त्याचं गणित मांडलं. आणि ज्या कुबरनेटिसपायी आपण रात्री जागतो, तो शब्द आणि 'गव्हर्नर' हा शब्द एकाच ग्रीक मुळातले आहेत. अर्थ, सुकाणू धरणारा. असो.

आपल्याला वाटतं, ट्रॅक्टरचा हाताचा लिव्हर, म्हणजे गावाकडची 'हाताची रेस', थेट डिझेल वाढवते. तसं नाही. तो लिव्हर एका स्प्रिंगचा ताण बदलतो. 'मला एवढे फेरे हवेत' इतकंच सांगतो. पंपाच्या आतली फिरती वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करायला बघतात. स्प्रिंग ते वाढवायला बघते. ही ओढाताण जिथे बरोबरीत सुटते तो वेग. नांगर कडक जमिनीत घुसला, फेरे उतरले, वजनं आत आली, डिझेल वाढलं... ड्रायव्हरने लिव्हरला बोटही लावलेलं नसतं. लोडवर फेरे थोडे उतरणारच, तो बिघाड नव्हे.

आता तो स्क्रू. जुन्या ट्रॅक्टरांवर सर्रास दिसणाऱ्या सीएव्हीच्या डीपीए पंपात तो फक्त वरचा वेग ठरवतो. एका वेळी जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, याची सेटिंग पंपाच्या आत असते. इंजिन दबलंय म्हणजे गव्हर्नरने डिझेलचा मार्ग आधीच पूर्ण उघडलाय. मग स्प्रिंग आणखी ताणून जास्तीचं डिझेल येणार कुठून? वाढतो तो बिनलोडचा वेग. मळणी यंत्रात माल संपला की पीटीओचे 540 फेरे 594 होतात. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर फिरत्या भागांवरचा ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो. आणि त्या यंत्राच्या तोंडाशी माणसं पेंढ्या सारत उभी असतात.

गेल्या ऑक्टोबरात काकांचा ट्रॅक्टर सोयाबीनच्या मळणीला असाच दबायला लागला. 1980 च्या दशकातला, तीन सिलिंडरचा. मेकॅनिक म्हणाला, "सील तोडून दोन आटे पिळतो, जोर येईल." मी म्हटलं, "काका, आधी एक बघू." काका म्हणाले, "तू कंप्युटर बघ रे!" पण थांबले.

बघायचं एवढंच होतं. हाताची रेस पूर्ण ओढली, तरी पंपावरचा लिव्हर त्या स्क्रूला टेकत नव्हता! मधे चांगलं बोटभर अंतर. सांध्याच्या पिना झिजलेल्या. म्हणजे पूर्ण वेग मागितलाच जात नव्हता. मेकॅनिकनेच पिना बदलल्या, लॉकनट सैल करून रॉडची लांबी जुळवली. अर्ध्या तासाचं काम. लिव्हर टेकत असता, तर मग डिझेल फिल्टर, एअर क्लीनर, नोझल या क्रमाने बघितलं असतं आणि शेवटी पंप टेस्ट बेंचवर पाठवला असता. आपण हात लावावा असा स्क्रू एकच, आयडलिंगचा. तोही इंजिन गरम झाल्यावर.

मळणी झाली, सील शाबूत आहे. फक्त हादऱ्याने रेसचा लिव्हर हळूहळू खाली सरकतो, म्हणून काकांनी तो सुतळीने बांधलाय. माझं त्यावरून भांडण चालू आहे. कुणाचा हात अडकला तर रेस उतरवायला गाठ सोडत बसणार का? लिव्हर जागेवर धरून ठेवणारा वॉशर तालुक्याला मिळतो. पुढच्या शनिवारी जाताना मीच घेऊन जाणार आहे.