शेंड्यावर लटकलेली घाटेअळी

हरभऱ्याच्या शेंड्यावर काळपट, मऊ पडलेल्या घाटेअळ्या उलट्या लटकलेल्या दिसल्या, की घाबरून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. त्या विषाणूने मेलेल्या असतात. एचएएनपीव्ही विषाणू पानाबरोबर पोटात गेला, की अळीचं शरीर ते ओळखतं आणि आतड्यातल्या रोगट पेशी टाकून देतं. मोठी अळी यातून बरेचदा तरते, बारकी मरते. मरण्याआधी विषाणूच तिला शेंड्यावर चढवतो. मग अंग फुटून खालच्या पानांवर रोग सांडतो. म्हणून फवारणी अळ्या बारीक असतानाच करावी, हेक्टरी 250 एल.ई., तीही संध्याकाळी. कडक उन्हात विषाणू टिकत नाही. भर दुपारी फवारून "औषधच बोगस" म्हणणारे दरवर्षी भेटतात! लटकलेल्या अळ्या तशाच राहू द्या, जिवंत किती उरल्या ते मोजा.