कुपीतील चामडे आणि कुपीतील अंबर

परदेशी सुगंधांच्या दुकानांतून ‘लेदर’ आणि ‘अंबर’ ही दोन नावे अलीकडे वारंवार कानी येतात. अशी एखादी लहानशी कुपी कित्येक हजार रुपयांस विकली जाते, आणि आपल्या समाजातील तरुण मंडळीही ती हौसेने घेतात. त्यावरून घरोघर वाद होतो. मंदिरात जाताना कातडी पट्टा व पाकीट बाहेर ठेवणाऱ्या घरात कातड्याच्या वासाचे अत्तर कसे खपावे, असे वडीलधारी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांस पोत्यावरील चिठ्ठी वाचून भाव करण्याची सवय नाही. मूठभर दाणे तळहातावर घ्यावयाचे आणि मग बोलावयाचे. या कुपीचाही नमुना तसाच पाहावा.

वस्तुतः या अत्तरात चामडे नसतेच. रशियात कमावलेल्या कातड्यास बर्च वृक्षाच्या सालीपासून काढलेले डांबरासारखे तेल चोळीत. त्याच्या धुरकट वासालाच युरोपीय लोक उत्तम चामड्याचा वास मानू लागले. पॅरिसच्या शॅनेल पेढीने १९२४ साली काढलेल्या ‘क्यूर द रूसी’ या अत्तराच्या नावाचा अर्थच ‘रशियन चामडे’ असा आहे. आज हा गंध शुद्ध केलेल्या बर्च-तेलाने आणि प्रयोगशाळेत बनविलेल्या द्रव्यांनी साधतात. गंमत अशी की, सुगंधासाठी प्रसिद्ध असलेले फ्रान्समधील ग्रास हे गाव मुळात कातडे कमावणाऱ्यांचे. हातमोज्यांचा उग्र दर्प झाकण्यासाठी तेथे सुगंधाचा धंदा वाढला. ज्याचा वास झाकावयाचा, त्याच्याच वासाला आज मोल आले!

अंबराची कथा अधिक घोटाळ्याची आहे. आपल्याकडे अंबर म्हणजे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. इंग्रजीत ‘अंबर’ म्हणजे कहरुबा, अर्थात अश्मीभूत राळ. अत्तरवाले मात्र बहुधा तिसरेच काही म्हणत असतात : भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपाचा लॅब्डॅनम नावाचा चीक, लोबान आणि व्हॅनिला यांचे मिश्रण. व्हॅनिलाचे मुख्य गंधद्रव्य १८७४ सालापासून कृत्रिम रीतीनेही बनू लागले.

असे एक अत्तर मी मनगटावर लावून पाहिले. प्रथम चुलीच्या धुरासारखा, नव्या खोगिराची आठवण देणारा कडवट वास आला. तासाभराने तो ओसरून लोबानाची ऊब आणि काकवीसारखा गोडवा उरला. सायंकाळी सदऱ्याच्या बाहीवर तेवढाच रेंगाळत होता. वास खरोखर भारदस्त आहे. मला स्वतःला कनौजचे मातीचे अत्तर अधिक प्रिय, पण तो आवडीचा भाग झाला.

कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही हिंसा वर्ज्य मानणारे आपण. तेव्हा चामड्याचा वास आवडणे ही अनुमोदना नव्हे काय, असे कोणी म्हणेल. ज्याच्या मनास तो वास रुचत नाही त्याने तो खुशाल टाळावा. परंतु सालीच्या धुराचा आनंद घेणाऱ्यास दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

खरी काळजी दुसरीकडे आहे. चामडी गंधाच्या अत्तरांत पूर्वी बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतील कॅस्टोरियम घालीत. जवादी मांजराचे सिव्हेट पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्याच्या ग्रंथी खरवडून काढतात. कस्तुरीसाठी मृग मारला जातो. या सर्वांस कृत्रिम पर्याय आहेत. देवमाशाच्या अंबराऐवजी क्लॅरी सेज या वनस्पतीपासून केलेले द्रव्य सर्रास वापरतात. तरीही काही छोटे उत्पादक खरी प्राणिज द्रव्ये वापरतात व त्याचा अभिमानही मिरवितात. वेष्टनावर मात्र बहुधा ‘परफ्यूम’ एवढाच मोघम शब्द असतो. शिवाय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या देशात देवमाशाच्या अंबराचा व्यापार गुन्हा आहे, हे दुकानदाराने विसरू नये.

म्हणून सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सभासद बंधूंस माझी सूचना आहे की, त्यांनी माल मागविताना कॅस्टोरियम, सिव्हेट, कस्तुरी आणि अंबरग्रीस या चार द्रव्यांविषयी उत्पादकाकडून लेखी उत्तर घ्यावे, ते दुकानात ठेवावे आणि ग्राहकाने न विचारताही त्यास दाखवावे. उत्तर न देणाऱ्याचा माल, नफा कितीही असो, परत पाठवावा.