वैमानिकाची मुदत आणि कंपनीची रोकड

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात एका विमानकंपनीने दाखल केलेल्या दाव्याची दखल बहुतेकांनी प्रवाशांच्या गैरसोयीपुरतीच घेतली. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रवाशांच्या एका दिवसाच्या खोळंब्याहून पुष्कळच खोल आहे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईहून अहमदाबादला पहिले उड्डाण केलेल्या आकासा एअर या कंपनीतून, तिचे पहिले वर्ष पुरे होते न होते तोच, ४३ वैमानिक नोटिशीची मुदत न भरता निघून गेले. शेकडो उड्डाणे रद्द करण्याची पाळी कंपनीवर आली. आणि सुमारे २२ कोटी रुपयांच्या नुकसानभरपाईची मागणी घेऊन तिने न्यायालयाचे दार ठोठावले. दिल्ली उच्च न्यायालयापुढे याच संदर्भात, वैमानिक असेच जात राहिले तर कंपनी बंद पडण्याची वेळ येईल, अशा आशयाचे निवेदन कंपनीच्या वतीने झाल्याचे वृत्त जेव्हा सर्वत्र छापून आले, तेव्हा ते वाचणाऱ्यांत कंपनीत निष्ठेने राहिलेले वैमानिकही होते. जिच्या अस्तित्वाविषयी तिचेच वकील न्यायासनापुढे भीती व्यक्त करतात, त्या कंपनीत आपल्या उमेदीची पुढची दहा वर्षे घालवावीत काय, हा विचार त्यांच्या मनात आला असेल, तर त्यांना कृतघ्न ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

ती कंपनी पुढे सावरली, २८ मार्च २०२४ रोजी तिचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून दोह्याला गेले, आणि २०२५ साली तिच्यात नवे भांडवलही आले, हे येथेच नमूद करणे उचित होय. तिच्यावर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. नव्या विमानकंपनीत रुजू होणारा किंवा तेथे टिकून राहणारा वैमानिक कोणत्या माहितीच्या आधारे आपला निर्णय करतो, ती माहिती त्याला देण्याचे बंधन कोणावर आहे, आणि तसे बंधन कोणावरच नसेल तर त्याला मात्र बारा महिने जखडून ठेवण्याचा अधिकार कायद्याला कोठून प्राप्त होतो, एवढेच मला विचारावयाचे आहे.

बारा महिने हा आकडा मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये जारी केलेल्या नियमानुसार विमानाच्या कमांडरला नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची, आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वैमानिकांनी एकाएकी नोकरी सोडल्यास ऐनवेळी उड्डाणे रद्द होतात, प्रवाशांचे हाल होतात, सबब हा लोकहिताचा विषय आहे, असा या नियमामागील युक्तिवाद आहे, आणि तो मला तत्त्वतः मान्य आहे. शेकडो माणसांचे प्राण ज्याच्या हाती सोपवायचे, त्याने आपल्या जागी दुसरा तयार होईपर्यंत थांबावे, ही अपेक्षा गैरवाजवी नव्हे. नोटिशीच्या काळात कंपनीनेही वैमानिकाचे न्याय्य हक्क हिरावून घेऊ नयेत, असे त्याच नियमात म्हटले आहे. परंतु त्या बारा महिन्यांचा पगार देण्याइतकी रोकड कंपनीच्या खजिन्यात आहे किंवा कसे, हे वैमानिकाला सांगण्याविषयी त्यात अवाक्षर नाही.

वैमानिकाने या व्यवहारात काय पणाला लावलेले असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण, त्यानंतर विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे टाइप रेटिंग, त्याखातर सिम्युलेटरचे शिक्षण, हा सारा खर्च अर्धा कोटी रुपयांच्या वर सहज जातो; आणि नाशिक-सांगलीकडच्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबाला तो राहते घर किंवा शेतजमीन तारण ठेवल्यावाचून झेपत नाही. पण याहून मोठी ठेव ज्येष्ठतेची असते. या व्यवसायात बढती, चांगले रोस्टर, मोठे विमान आणि डाव्या आसनावर बसण्याचा मान, म्हणजे ज्याला सारे वैमानिक ‘कमांड’ म्हणतात तो, हे सर्व कंपनीच्या ज्येष्ठतायादीतील क्रमांकावर अवलंबून असते, आणि तो क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंधरा वर्षे सेवा केलेला माणूस कंपनी बुडाली म्हणजे अनुभवाच्या बळावर दुसरीकडे नोकरी मिळवतोही. तथापि तेथील यादीत तो बहुधा शेवटी उभा राहतो.

मग नव्या कंपनीकडे वैमानिक जातात तरी का? जुन्या कंपनीत कमांडसाठी लांब रांग असते; नव्या कंपनीने ७२ विमानांची मागणी नोंदवलेली असली, जशी आकासाने २०२१ च्या नोव्हेंबरात बोइंगकडे नोंदवली होती, तर आज शिरणारा सहवैमानिक चार वर्षांत कमांडर होण्याची आशा बाळगू शकतो. म्हणजे ज्या विमानांवर त्याने आपले भवितव्य बांधले, ती वेळेवर येण्यावर त्याचे सर्वस्व अवलंबून असते, आणि त्या येण्यावर ना त्याचा ताबा असतो ना त्याच्या कंपनीचा. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स विमानाचा, दरवाजाची जागा बंद करणारा तुकडा भर उड्डाणात निखळून पडला. अमेरिकन नियामकाने बोइंगच्या उत्पादनवाढीला लगाम घातला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात बोइंगच्या कामगारांनी संप पुकारला. आणि परिणामी भारतात, आदल्या वर्षी वैमानिकांअभावी उड्डाणे रद्द करणाऱ्या कंपनीतच, भरती होऊन बसलेले अनेक वैमानिक विमानांअभावी घरी बसून राहिले. वैमानिकाचे वेतन मोठ्या प्रमाणात उड्डाणाच्या तासांशी निगडित असते, आणि नव्वद दिवसांत किमान तीनदा विमान उडवून उतरवले नाही तर त्याला पुन्हा प्रवासी घेऊन उडण्यापूर्वी ती अट पुरी करावी लागते, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या रिकाम्या महिन्यांचे मोल कळते.

नव्या विमानकंपनीचा जमाखर्च वाचणे हे तर जुन्या कंपनीच्या जमाखर्चाहून अवघड काम आहे, कारण पहिली चार-पाच वर्षे तो स्वभावतःच फसवा असतो. कंपनी एकदम मोठी मागणी नोंदवते, त्यामुळे उत्पादकाकडून तिला विमान पुष्कळ सवलतीत मिळते. ताब्यात येताच ती ते भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीला चढ्या किमतीने विकते आणि तेच विमान आठ-बारा वर्षांच्या कराराने भाड्याने घेते. या व्यवहारात हाती येणारी रोकड तिकिटांच्या विक्रीतून आलेली नसते, आणि नवी विमाने येत आहेत तोवरच ती येत राहते. त्यांचा ओघ थांबला की तीही थांबते, आणि भाडे मात्र डॉलरमध्ये चालू राहते. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. नव्या घराला जशी पहिली काही वर्षे डागडुजी लागत नाही, तसा नव्या विमानाचा आणि इंजिनाचा मोठा खर्च पाच-सहा वर्षांनंतर येऊ लागतो, आणि तोवरचा ताळेबंद हलका दिसतो. तिसरी गोष्ट आगाऊ विकलेल्या तिकिटांची: दिवाळीची तिकिटे ऑगस्टात विकली जातात, तो पैसा कंपनीच्या खात्यात दिसतो, परंतु ज्या सेवेसाठी तो घेतला ती अजून द्यावयाची असते, म्हणून तो तत्त्वतः प्रवाशांचाच असतो. या तिन्ही गोष्टी वगळून उरलेली रोकड किती महिने पुरेल, हा एकच आकडा वैमानिकाच्या कामाचा आहे, आणि नेमका तोच त्याला कोठेही मिळत नाही. खासगी कंपनीचा मार्चअखेरचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होईतो दसरा-दिवाळी येते. तेव्हा त्याला जे दिसते ते सहा महिन्यांपूर्वीचे चित्र असते.

आकासाचा तोटा २०२२-२३ मध्ये सुमारे ७४४ कोटी आणि २०२३-२४ मध्ये सुमारे १,६७० कोटी रुपये होता. आरंभीच्या वर्षांत तोटा होणे यात अनैसर्गिक काही नाही; परंतु ज्याला हे आकडे उमगत नाहीत तो विनाकारण घाबरतो, आणि ज्याला त्यांपलीकडचे काही कळत नाही तो विनाकारण निर्धास्त राहतो.

म्हणून वैमानिक चिन्हे वाचतात. पगाराची तारीख सातवरून पंधरावर जाते. आयकर पगारातून कापला जातो, पण सरकारी खात्याच्या विवरणात त्याची नोंद दिसत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पुस्तकात महिने कोरे राहतात. परगावच्या हॉटेलात कंपनीच्या नावावर खोली मिळेनाशी होते. आणि तळावर उभ्या असलेल्या एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवले जाऊ लागतात. किंगफिशरच्या अखेरच्या दिवसांत पगारातून कापलेला कर सरकारजमा न झाल्याचे आणि इंधन रोखीने घ्यावे लागल्याचे सर्वांनी पाहिले; २००५ साली थाटात निघालेली ती कंपनी ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी महिनोन्‌महिने पगाराविना विमाने चालवली, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे अखेरचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले. पाच वर्षे पुनरुज्जीवनाची आशा दाखवून झाल्यावर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा हुकूम दिला. गो फर्स्ट २ मे २०२३ रोजी आपणहून दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे गेली, तेव्हा इंजिनांच्या तुटवड्याने तिची निम्मी विमाने जमिनीवर होती. ज्यांनी ही तीन पतने पाहिली, किंबहुना ज्यांतील कित्येकांनी आपली थकबाकी यांपैकी एकीत गमावली, त्यांनी नव्या कंपनीच्या दारात उभे राहून साशंक होऊ नये, असे कोण म्हणेल?

हा विचार आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची जुनी डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागताच या देशात विमानकंपन्या धडाधड निघाल्या, सरकारने सढळ हाताने परवाने दिले, आणि थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेकींची स्थिती इतकी डळमळीत झाली, की १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. उपलब्ध वाहतुकीच्या मानाने कंपन्या फाजील झाल्या आहेत, हे त्या समितीने स्पष्ट केले. १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली, आणि खासगी कंपन्यांचे पुढचे पर्व चाळीस वर्षांनी सुरू झाले. परवाना देणाऱ्याने केवळ विमान उडण्यास योग्य आहे एवढेच पाहून भागत नाही, ते उडत राहील एवढे द्रव्य आहे काय हेही पाहिले पाहिजे, हा राजाध्यक्ष समितीच्या अनुभवाचा मथितार्थ मला वाटतो.

आज आपल्याकडे त्याची तरतूद काय आहे? मोठी विमाने चालवू इच्छिणाऱ्या कंपनीला आरंभी पाच विमानांपर्यंत ५० कोटी रुपयांचे भरणा झालेले भागभांडवल दाखवावे लागते. वर दिलेल्या १,६७० कोटींच्या वार्षिक तोट्याच्या हिशेबाने ही रक्कम अकरा दिवसांत संपते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीप्रमाणे नव्या कंपनीला दोन कसोट्यांना उतरावे लागते: चोवीस महिने आपली देणी भागवता येतील असे वास्तव अंदाजांवरून दाखवणे, आणि एक पैसा उत्पन्न न येताही तीन महिन्यांचा खर्च करता येईल इतके द्रव्य असणे. अमेरिकेतही सनद देताना तीन महिन्यांच्या खर्चाची हीच कसोटी लावतात. आपल्याकडे मात्र भांडवलाचा ठराविक आकडा आहे, आणि खर्चाशी त्याचे नाते नाही.

याउलट, विमाने भाड्याने देणाऱ्यांचे हित आपण तत्परतेने सांभाळले आहे. गो फर्स्टच्या प्रकरणात त्यांची विमाने वर्षभर अडकून पडली, त्यांनी तक्रार केली, आणि २०२५ साली संसदेने केपटाऊन कराराची अंमलबजावणी करणारा स्वतंत्र कायदा केला, ज्यायोगे बुडत्या कंपनीकडून विमान परत नेणे त्यांना सुलभ झाले. त्या कायद्याला माझा विरोध नाही, कारण त्याने भाडे कमी होण्यास साहाय्य व्हावे. पण भाडेपट्टेवाल्याकडे अनामत असते, करारनामा असतो, आणि आता कायदाही आहे. वैमानिकाच्या वाट्याला दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ येते, ज्यात कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने, तर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन त्यांच्यामागून देण्याचा क्रम आहे. आणि वैमानिक हा कायद्याच्या भाषेत कामगार की अन्य कर्मचारी, याचाच खल न्यायालयांत करावा लागतो. विमान परत जाते, आणि ते चालवणारा रांगेत उभा राहतो.

माझी मागणी मर्यादित आहे. ज्या कंपनीला वैमानिकांवर बारा आणि सहा महिन्यांच्या नोटिशीचे बंधन हवे आहे, तिने दर तिमाहीस, लेखापरीक्षकाच्या सहीने, आपल्या कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी कळवाव्यात: आगाऊ तिकिटांची रक्कम वगळता हाती असलेली रोकड किती महिन्यांच्या खर्चास पुरेल, पगारातून कापलेला कर आणि भविष्यनिर्वाह निधी भरला आहे काय, आणि येत्या वर्षात किती विमाने येण्याचे ठरले असून आदल्या तिमाहीत त्यांपैकी किती आली. पगार एक महिना थकला, किंवा कापलेला कर मुदतीत भरला नाही, तर नोटिशीची मुदत आपोआप तीस दिवसांवर यावी.

असे आकडे जाहीर झाले तर भीती पसरून जो तो पळेल, आणि सावरू शकणारी कंपनीही बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. परंतु आज अफवेवरून माणसे पळतात, आणि अफवा खऱ्या संकटाच्या अगोदरही येते व नंतरही. ज्याला ठाऊक आहे की नऊ महिन्यांची रोकड शिल्लक आहे, तो दुसऱ्या कंपनीने थोडा अधिक पगार देऊ केला म्हणून रातोरात निघून जाण्यापूर्वी दहादा विचार करील. शिवाय देशातील विमानप्रवासाचा सुमारे नऊ-दशांश हिस्सा आज केवळ दोन समूहांच्या हाती आहे. तिसरी, चौथी कंपनी जगली तरच वैमानिकाला आपल्या श्रमाचे मोल ठरवताना कोणापुढे तरी पर्याय ठेवता येईल. तेव्हा नव्या कंपनीच्या यशात सर्वांत मोठा स्वार्थ जर कोणाचा असेल तर तो वैमानिकांचाच आहे, आणि तिने विश्वासात घेतले तर थोडी झीज सोसूनही ते तिच्यापाशी थांबतील, असे मला मनापासून वाटते.

या बदलासाठी संसदेत विधेयक आणण्याचेही कारण नसावे. किमान भांडवलाची अट आणि नोटिशीची मुदत या दोन्ही गोष्टी महासंचालनालयाच्याच नियमपत्रिकांतून आलेल्या आहेत. त्याच नियमपत्रिकांत ही चार वाक्ये घालण्याचा मसुदा प्रसिद्ध करून वैमानिकांच्या संघटनांकडून आणि कंपन्यांकडून हरकती व सूचना मागवण्यास त्या कार्यालयाने आता विलंब लावू नये.