होकारामागचं मौन

एका रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीबाहेर बाकावर बसलो होतो. खिडकीतल्या सिस्टर एका आजींना सांगत होत्या, "ही गोळी रोज सकाळी अनशापोटी घ्यायची. समजलं ना आजी?" आजी म्हणाल्या, "हो बाई, समजलं." रांग पुढे सरकली. आजी माझ्या शेजारी येऊन टेकल्या, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाळा, आधी चहा घेतला तर चालंल ना? चहा म्हणजे काय खाणं नव्हं."

गोळी थायरॉइडची होती. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास तरी पोटात दुसरं काही जाऊ द्यायचं नसतं. चहा-कॉफीबरोबर घेतली, तर ती अंगात नीट शोषली जात नाही. सिस्टर चुकीचं बोलल्या नव्हत्या, आजीही खोटं बोलल्या नव्हत्या. फक्त 'अनशापोटी' या एका शब्दाचे दोघींच्या मनातले अर्थ वेगळे होते, आणि "समजलं ना?" या प्रश्नाने तो फरक उघडा पाडण्याऐवजी झाकून टाकला. पुढच्या तपासणीत रक्ताचा अहवाल बिघडलेला आला असता, तर कदाचित गोळीची मात्रा वाढली असती. सकाळच्या चहाची चौकशी कोणी केली असती, असं वाटत नाही.

आपल्याकडे संवादाविषयी बोलणं निघालं, की चर्चा बोलणाऱ्याभोवती फिरते. भाषा शुद्ध हवी, आवाज स्पष्ट हवा, आत्मविश्वास हवा. हे सगळं चांगलंच आहे. पण संवाद साधला की नाही, याचा निकाल बोलणाऱ्याच्या तोंडात नसतो. ऐकणारा पुढे जाऊन काय करतो, त्यावर तो ठरतो. म्हणूनच "मी तर सांगितलं होतं" हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. दुर्घटनेनंतर ते हमखास ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

चहाच्या गैरसमजाने आजींच्या जिवावर बेतलं नसतं. पण संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी पाहा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकीच्या गोळ्यांसारखी ती रोज घेतली गेली, तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, तोंडात फोड येतात आणि माणूस दगावूही शकतो. अशा चुका जगभर नोंदल्या गेल्या आहेत. काळजी घेणारे डॉक्टर म्हणूनच 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहून थांबत नाहीत, 'फक्त सोमवारी' असं लिहितात. सोमवारला दुसरा अर्थ नसतो.

या बाबतीत विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून धडे घेतले आहेत. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातून आलेल्या संदेशाचा अर्थ टॉवरने 'धावपट्टीवर सज्ज उभे आहेत' असा घेतला आणि उत्तराची सुरुवात केली 'ओके'ने. दुसरं विमान अजून धावपट्टीवर असेल का, अशी शंका त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. अतिशय ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे ती बाजूला सारली. त्यानंतर इंजिनिअर गप्प राहिला. पुढे नियम बदलले. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि परवानगी मिळाल्यावर नुसतं 'ओके' न म्हणता ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, ही शिस्त कडक झाली.

पण परत म्हणून दाखवणंही पुरेसं नसतं, हे आपल्याच देशात दिसलं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ जणांपैकी कोणीही वाचलं नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते त्याहून खाली उतरलं. त्या विमानात नियंत्रण कक्षाशी बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि विमान चालवत होते दुसरेच. इंग्रजीचं अपुरं ज्ञान आणि त्यातून सूचनांचा लागलेला चुकीचा अर्थ हे चौकशीत पुढे आलेलं एक मुख्य कारण. ऐकणारा एक आणि करणारा दुसरा असला, की मधल्या त्या दोन हातांच्या अंतरात निरोप हरवू शकतो. आपल्या घरांत नेमकं हेच होतं. डॉक्टरांचं बोलणं आजी ऐकतात आणि गोळ्या काढून देते नात.

पावसाळ्यातले इशारे घ्या. भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग देतो. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी. हे शास्त्र मोलाचं आहे, त्याने अनेकांचे जीव वाचतात. पण जिल्ह्याला दिलेला लाल रंग डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर पोहोचतो, तेव्हा तिथल्या माणसाला तो काय करायला सांगतो? गुरं कधी सोडायची, आज रात्री निजायला कोणाच्या घरी जायचं, कोणत्या वाटेने जायचं? 'नागरिकांनी सतर्क राहावे' या वाक्यात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. सतर्क राहणं ही मनाची अवस्था आहे, कृती नव्हे. "अंधार पडायच्या आत सगळ्यांनी शाळेत या" ही कृती आहे.

निरोप खालून वर जाणंही तितकंच गरजेचं आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली आणि बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नव्हतं. दरडीच्या आधी पुष्कळदा खुणा दिसतात. जमिनीला भेगा पडतात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं. या खुणा सर्वांत आधी गावकऱ्यांनाच दिसतात. त्या सांगायला गेलेल्या माणसाला कचेरीत बसायला खुर्ची मिळते का, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

माझी खरी काळजी इथे आहे. आपल्या समाजात 'हो' हा शब्द पुष्कळदा समजल्याची नव्हे, मान राखल्याची खूण असतो. डॉक्टरांना, तलाठी भाऊसाहेबांना, मुलाच्या बाईंना परत विचारणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं किंवा आपलं अडाणीपण उघडं करणं, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. समोरचा जितका मोठा, तितका होकार लवकर येतो आणि तितका तो पोकळ असतो. तेनेरीफच्या कॉकपिटमधलं मौन आणि औषधांच्या खिडकीपुढचं मौन यांची जात एकच आहे. त्यात आता व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणांची भर पडली आहे. निरोप उघडला गेला, एवढंच त्या सांगतात. आपण मात्र त्यांनाच कामाची पोच मानून मोकळे होतो. निरोप धाडणं जसजसं सोपं होत जाईल, तसतशी तो पोहोचल्याची खात्री करणारी माणसं कमी होत जातील, हा धोका आज ओळखायला हवा.

रांग मोठी आहे, माणसं कमी आहेत, प्रत्येकाशी इतकं बोलायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खोटा नाही. पण सगळंच पडताळायची गरज नसते. ज्या एका वाक्यात चूक झाली तर जीव जाईल किंवा घर उद्ध्वस्त होईल, ते वाक्य तेवढं पडताळायचं. "समजलं का?" हा प्रश्न ऐकणाऱ्याची परीक्षा घेतो, म्हणून त्याला घाईघाईने 'हो' मिळतं. "मी नीट सांगितलं का बघते, घरी जाऊन काय करणार ते मला सांगा" या वाक्यात परीक्षा सांगणाऱ्याची असते. मग ऐकणाऱ्याला लाज वाटायचं कारण उरत नाही. जबाबदारीचं हे ओझं ज्याच्या हातात अधिकार आहे, त्यानेच उचललं पाहिजे.

त्या दिवशी आजींना घेऊन मी पुन्हा खिडकीशी गेलो. चहाची गोष्ट ऐकताच सिस्टर रांग थांबवून बाहेर आल्या. त्यांनी तास-मिनिटांची भाषा सोडली आणि विचारलं, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता?" आजींनी सगळा क्रम सांगितला. सिस्टर म्हणाल्या, "मग उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी. चहा देवपूजा झाल्यावर. आता तुम्ही सांगा बघू." आजींनी एकेक बोट दुमडत म्हटलं, "गोळी, झाडलोट, आंघोळ, देवपूजा, मग चहा." आणि थोडं थांबून, कोणी न विचारताच म्हणाल्या, "नातीला पण असंच सांगते."