हलकं रिव्हॉल्व्हर, सुजलेलं बोट आणि आपली 'महिला सुरक्षा'

परवान्याच्या शस्त्राचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. केवढ्याला घेतलं? आणि कुणाच्या ओळखीने मिळालं? चालवताना बोट दुखतं का, हे कुणी कुणाला विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. म्हणून आज त्या दुखऱ्या बोटावरच लिहितोय. थोडं लांबेल, पण घरात परवाना असेल तर शेवटपर्यंत वाचा.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतरचा काळ. पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन जेमतेम ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. पर्समध्ये मावेल असं, खास महिलांसाठी. आणि दागिन्याला शोभेल अशी मरून डबी! त्यावेळी टीका झाली ती किमतीवर, आणि बंदुकीने बाई सुरक्षित होते का यावर. दोन्ही टीका रास्त होत्या. पण ज्या 'हलकेपणा'चं कौतुक चाललं होतं, तो हलकेपणा जातो कुठे, हे कुणी विचारलं नाही.

तो जातो तर्जनीवर.

हिशोब साधा आहे. गोळी तीच, पण शस्त्राचं वजन निम्मं केलं तर मागे येणाऱ्या झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. जड रिव्हॉल्व्हर तो झटका स्वतः पचवतं, हलकं रिव्हॉल्व्हर तो तुमच्या हाताला देऊन टाकतं. आता कुणी जाणकार म्हणेल, पॉइंट ३२ ची गोळी काही फार दांडगी नसते. बरोबर आहे. म्हणूनच खरं दुखणं झटक्यापेक्षा चापात आहे. घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा, तर अशा छोट्या रिव्हॉल्व्हरला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. घरातला पाच लिटरचा तेलाचा डबा तर्जनीच्या टोकावर उचलून बघा. मग सहा वेळा उचला. आणि हे करताना दुसरी वस्तू, जी फक्त अर्धा किलोची आहे, ती तसूभरही हलू द्यायची नाही!

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि चापाचा जोर किमान १ किलो असावा लागतो. म्हणजे वर्षानुवर्षं रोज सराव करणाऱ्या खेळाडूच्या हातात वजनदार पिस्तूल आणि हलका चाप. आणि जिने आयुष्यात बंदूक धरली नाही, तिच्या हातात हलकं रिव्हॉल्व्हर आणि जड चाप. वर म्हणायचं, 'लेडीज मॉडेल आहे.'

आमच्या तालुक्यातल्या एका व्यापारी घरातल्या वहिनींनी अशाच एका हलक्या रिव्हॉल्व्हरच्या पहिल्याच सरावात बारा गोळ्या झाडल्या. तर्जनीच्या पेराचं कातडं सोललं, मधल्या बोटाचा सांधा सुजला. घरी ऐकायला काय मिळालं? "हे बायकांचं काम नव्हे." त्या दिवसापासून ती वस्तू कपाटात. निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत कपाटात. तेवढाच तिचा प्रवास.

वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक देणाऱ्याची आहे.

दुखतं कुठे ते नीट बघितलं तर उपाय सापडतात, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. लहान रिव्हॉल्व्हरची मूठ आखूड असते. चापाभोवतीच्या कड्याच्या मागे मोकळी जागा राहते आणि प्रत्येक झटक्याला ते कडं मधल्या बोटावर आपटतं. ती जागा भरून काढणारी जाड रबरी मूठ बसवली आणि हात मुठीवर जमेल तितका वर धरला, की निम्मं दुखणं तिथेच संपतं. चापाची कड धारदार किंवा रेघांची असेल तर ती पेराला कापते. ती गोलसर घासून घेता येते, पण परवानाधारक कारागिराकडूनच. बोट चापावरून खाली घसरलं तर कड्यात चिमटतं, म्हणून ते वरच्या बाजूला ठेवायचं. एवढा जड चाप बोटाच्या शेंड्याने ओढू नये, पहिल्या सांध्याजवळ धरून सरळ मागे ओढावा. घरच्या घरी स्प्रिंग बदलून चाप हलका करायचा उद्योग कुणीही करू नये. घोड्याचा ठोका कमी पडला की ऐनवेळी गोळी उडतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका दिवशी वीस-पंचवीस गोळ्या पुरेत. बाकी सराव डमी काडतुसं घालून, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज पाच मिनिटं. सकाळी बोट अडकत असेल, 'कट्' आवाज होऊन सुटत असेल, तर सराव बंद आणि हाडांचे डॉक्टर चालू. (त्या आजाराचं नावच 'ट्रिगर फिंगर' आहे. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा होतो कधी बंदूक न धरलेल्यांना. मधुमेह असलेल्यांना जास्त.)

यावर ठरलेलं उत्तर येतं. "जिवावर बेतल्यावर बोटाचं दुखणं कुणाला आठवतं?" खरं आहे, त्या क्षणी नाही आठवत. पण हाताला आठवतं. दुखणार हे एकदा हाताला कळलं की गोळी सुटायच्या आधीच तो दचकतो, नळी खाली जाते आणि नेम चुकतो. चुकलेली गोळी हवेत विरत नाही हो. आपल्या बाजारपेठेतली गल्ली केवढी, तिथे गर्दी किती, तुम्हीच सांगा.

पुरुषांनी हसू नये. कमरेला लावून लग्नात मिरवणाऱ्या किती जणांनी गेल्या वर्षभरात रेंजवर सहा गोळ्या झाडल्यात? लग्नात हवेत झाडलेल्या यात धरायच्या नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता प्रशासनाला. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची तरतूद आहे. कागदावर ती होत असेलही. पण परवाना पाच वर्षांचा, आणि नूतनीकरणाच्या वेळी गुन्हा दाखल आहे का एवढंच बघायचं, शस्त्र चालवता येतं का हे बघायचं नाही, हा कुठला न्याय? सराव करायचा तर कुठे? शेतात गोळी झाडली तर पोलीस येणार, आणि यायलाच हवेत. मुंबईत वरळी आहे, पुण्यात बालेवाडी आहे. तालुक्याच्या माणसाने बारा गोळ्यांसाठी एसटीत रिव्हॉल्व्हर घेऊन फिरायचं का? त्यात एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची याचीही परवान्यावर मर्यादा असते. मर्यादा असावीच. पण मग सरावाची सोय कुणी करायची?

माझी मागणी एवढीच. जिल्ह्यातल्या पोलीस दलाच्या रेंजवर महिन्यातून एक रविवार परवानाधारकांना, शुल्क घेऊन, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली द्या. तिथे झाडलेल्या गोळ्यांची नोंदवही ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी ती मागा. ज्याचं पान कोरं, त्याला विचारा की बाबा, मग हे ठेवलंयस कशाला? आणि विक्रेत्यांनी 'लेडीज मॉडेल' म्हणून डबी पुढे सरकवण्याआधी रिकामं शस्त्र त्या बाईच्या हातात द्यावं, चाप सलग सहा वेळा ओढू द्यावा, मगच पैसे घ्यावेत. तिला दोनशे ग्रॅम जास्त वजनाचं सोयीचं वाटलं तर तेच द्यावं. पर्स मोठी घेता येते.

हे निवेदन येत्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देतोय. ज्या भगिनींकडे परवाना आहे त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, शेवटचा सराव कधी केला आणि का थांबवला. नाव कुठेही येणार नाही.