आजोबांचा आवाज आणि २५ चित्रं

आत्याचं लग्न १९९४ साली भालकीला झालं. मंगलाष्टकं आजोबांनी स्वतः म्हटली होती. त्यांचा आवाज आज फक्त त्या व्हीएचएस कॅसेटवर आहे.

आत्या आता न्यू जर्सीला मुलाकडे असते. पेन ड्राइव्हची भानगड तिला नको, डीव्हीडीच हवी. इथली डीव्हीडी तिकडे लागलीच नाही. आपली पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ ओळी; अमेरिकेची एनटीएससी, २९.९७ चित्रं आणि ४८० ओळी. मग एका स्टुडिओतून बदलून घेतली. लागली, पण आत्याचा फोन आला, "अरे, हा बाबांचा आवाज नव्हे. सर्दी झाल्यासारखा येतोय."

तिचं बरोबर होतं. स्टुडिओने वेग २५ वरून २३.९७६ वर आणून, काही चित्रांचे भाग पुन्हा दाखवून २९.९७ ची भरती केली होती. सिनेमाला ही युक्ती चालते, पण आवाज चार टक्के संथ आणि जाड होतो. तासाची कॅसेट साडेबासष्ट मिनिटांची!

मी मूळ कॅसेटवरून पुन्हा बसलो. व्हीएचएसमध्ये प्रत्येक चित्राचे दोन अर्धे भाग, म्हणजे सेकंदाला ५० असतात. एफएफएमपेगने त्यांची पूर्ण ५० चित्रं केली, त्यातून ५९.९४ अर्धी काढली. आवाजाला हातच लावला नाही. अक्षता पडताना थोडं धुरकट दिसतं, पण आत्याची तक्रार नाही.

तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर आधी २५ च्याच वेगाची फाइल करून ठेवा. मोबाइलला पाल-एनटीएससीचं सोयरसुतक नसतं. आणि बुरशी दिसली तर कॅसेट तशीच प्लेअरमध्ये घालू नका.