'नुसती असिस्टंट' म्हणणाऱ्यांना

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात, आंबेडकर जयंतीच्या वा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनप्रसंगी परस्परांच्या मुलांची चौकशी होते, तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. मुलगा मेडिकलला असला की वडील ते खणखणीत आवाजात सांगतात. मुलगी संगणकाच्या क्षेत्रात असली तर कंपनीचे नाव अगोदर येते, मुलीचे मागाहून. परंतु तीच मुलगी पदवी घेऊन एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अल्झायमर किंवा पार्किन्सन या विकारांवर संशोधन साहाय्यक म्हणून काम करीत असली, तर आईचा आवाज खाली येतो. "सध्या नुसती असिस्टंट आहे, दोन वर्षांनी मेडिकलला जाईल," असे घाईघाईने सांगून विषय बदलला जातो. प्रस्तुत लेखाचा रोख या 'नुसती' शब्दावर आहे. तो शब्द आपण मायदेशाहून बरोबर आणला आहे आणि आता तो टाकून दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. तेव्हा डॉक्टरकीविषयी मला आकस असण्याचे कारण नाही. परंतु विस्मरणाच्या रोग्याला मी आज जे काही देऊ शकतो, त्यातील एकही गोष्ट माझ्या तपासणीच्या खोलीत जन्मलेली नाही. मेंदूतील अमायलॉइड नावाचे प्रथिन हटविणारी दोन औषधे अमेरिकेत २०२३ व २०२४ या वर्षी पूर्ण मान्यता पावली. ती रोग बरा करीत नाहीत, गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. आरंभीच्या अवस्थेत घसरणीचा वेग काहीसा कमी करतात, इतकेच. पण एवढ्या मर्यादित यशाच्या पाठीमागेही कितीतरी प्रयोगशाळांतून खर्ची पडलेली दशके आहेत, आणि त्या दशकांतील बहुतेक तास साहाय्यकांच्या हातांचे आहेत.

हे काम असते तरी काय? मेंदू गोठवून त्याचे मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचे काप काढायचे. ते मऊ कुंचल्याने काचपट्टीवर असे पसरायचे, की एकही सुरकुती राहू नये. त्यांवर रंगद्रव्ये व प्रतिपिंडे घालून रात्रभर शीतगृहात ठेवायचे. उणे ८० अंशांच्या शीतपेटीतील शेकडो नमुन्यांचा चोख हिशेब राखायचा. कोणती काचपट्टी औषध दिलेल्या उंदराची आणि कोणती न दिलेल्याची, हे स्वतःलाही कळू न देता सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशी मोजायच्या. आणि निष्कर्ष मनासारखा आला नाही, तरी नोंदवहीत दिसले तेच लिहायचे. याला कोणी हमाली म्हणत असेल, तर त्याने हमालीही पाहिलेली नाही आणि विज्ञानही पाहिलेले नाही.

या कामाविषयीची अढी आपल्या मनात कोठून आली? चिंतन वरच्यांनी करावे आणि हात खालच्यांनी चालवावेत, ही व्यवस्था ज्यांनी आपल्या पूर्वजांवर लादली, त्यांच्याकडूनच ती आली. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले. त्यांच्या जयंतीला हार घालणारे आपण, आपल्याच मुलीच्या हाताला काम लागले की अवघडतो! आणि ज्या 'डॉक्टर' पदवीसाठी आपण जीव टाकतो, तिच्याविषयी मनुस्मृती काय म्हणते? चिकित्सकाचे अन्न तिने त्याज्य ठरविले आहे. रोग्याच्या देहाला, रक्ताला, पुवाला हात लावणारा तिच्या लेखी अशुद्धच होता. ज्या शास्त्राने डॉक्टरालाच पंगतीबाहेर बसविले, त्याच्याच मापाने आपण आता प्रयोगशाळेतल्या मुलीला मोजतो आहोत. उलट, आपल्या परंपरेत उपाली नावाचा न्हावी शाक्य राजपुत्रांच्या अगोदर संघात प्रवेश करता झाला आणि पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. वस्तरा धरणारा हात नियमांचा अर्थ लावू शकतो, हे तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य होते.

आता एका संशोधन साहाय्यकाची हकिगत सांगतो. सॉलोमन कार्टर फुलर यांचा जन्म १८७२ साली लायबेरियात झाला. त्यांचे आजोबा अमेरिकेतील व्हर्जिनियात गुलाम होते आणि त्यांनी स्वतःची मुक्तता विकत घेतली होती. नातू अमेरिकेत आला, १८९७ साली बोस्टन विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथील मनोरुग्णालयात विकृतिशास्त्राचे काम करू लागला. म्युनिक येथे अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या प्रयोगशाळेसाठी जे पाच परदेशी संशोधन साहाय्यक निवडले, त्यांत हा कृष्णवर्णीय तरुण होता. १९०४-०५ मध्ये तो तेथे मेंदूचे काप रंगवीत व तपासीत होता. ज्या स्त्रीच्या मेंदूवरून हा विकार जगाला कळला, ती ऑगुस्टे डी. १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमर यांनी आपले निरीक्षण मांडले. फुलर यांनी अमेरिकेत परतल्यावर हे संशोधन पुढे नेले, अल्झायमर यांच्या रुग्णवृत्तान्ताचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९१२ साली या विकाराचा त्या काळातील विस्तृत आढावा प्रसिद्ध केला.

पुढे काय झाले? बोस्टन विद्यापीठात ते अध्यापन करीत. मज्जाविज्ञान विभागाची धुरा काही वर्षे त्यांनी प्रत्यक्षात वाहिली, पण विभागप्रमुखाचे पद त्यांना कधीही मिळाले नाही. पगारही गोऱ्या सहकाऱ्यांहून कमी. १९३३ साली एका गोऱ्या साहाय्यक प्राध्यापकाला पूर्ण प्राध्यापक करून त्यांच्यावर बसविण्यात आले, तेव्हा त्यांनी निवृत्ती घेतली. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हा माणूस दोनशे मैलांच्या आत सूक्ष्मदर्शकावर वाकलेला होता. अल्झायमरचे नाव आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक आहे. फुलर यांचे नाव आपल्यापैकी किती डॉक्टरांना ठाऊक आहे? नाव वरच्याचे राहते आणि हात अनामिक होतात, ही रीत केवळ आपल्या गावाची नव्हे. म्हणूनच, त्या हातांना 'नुसते' म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण तरी उभे राहू नये.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो : पगार तुटपुंजा, नोकरी बेभरवशाची, नाव दुसऱ्याचे. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. २०२५ साली अमेरिकी शासनाने अनेक संशोधन-अनुदाने रद्द केली वा रोखून धरली. अशा वेळी कुऱ्हाड प्रथम साहाय्यकाच्याच नोकरीवर पडते. परंतु वेतन अपुरे असेल तर उपाय कामाची लाज बाळगणे हा नव्हे, वेतनासाठी संघटित होणे हा आहे. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक व संशोधन कर्मचाऱ्यांनी संप केला आणि वेतनवाढ मिळविली. १९३६ साली ज्यांच्या नेत्याने स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्यांच्या वारसांना हा मार्ग परका वाटण्याचे कारण नाही. आणि ज्या निबंधासाठी मुलीने शंभर काचपट्ट्या मोजल्या, त्यावर तिचे नाव असावे, हा आग्रह तिने पहिल्या महिन्यातच धरावा. तो उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

काहींचे म्हणणे असे, की मेडिकलच्या अर्जात शोभते म्हणून वर्ष-दोन वर्षे काढायला हरकत नाही. मला हे म्हणणे अधिक घातक वाटते. जो पायरी समजूनच येतो त्याचे लक्ष घड्याळाकडे असते, आणि मेंदूच्या ऱ्हासाचे विकार तर पंधरा-वीस वर्षे आत-आत पोखरीत असतात. तेथे धीराच्या माणसांची गरज आहे. घाईने काय होते तेही पाहा. 'नेचर' या नामांकित नियतकालिकात २००६ साली आलेला, अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाने उंदरांची स्मृती जाते असे सांगणारा बहुचर्चित निबंध २०२४ साली मागे घ्यावा लागला, कारण त्यातील चित्रांत फेरफार आढळले. अठरा वर्षे लोक त्याचा आधार घेत राहिले. 'या आणि स्वतः पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना निराळे काय सांगावे? जे दिसले तेच लिहिणारा साहाय्यक हा शास्त्राचा पहारेकरी आहे.

शेवटी एक मुद्दा, जो केवळ आपलाच आहे. स्मृतिभ्रंश तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी जी चाचणी १९७५ साली तयार झाली, तीत शंभरातून सात-सात वजा करावे लागतात, लिहिलेली सूचना वाचून पाळावी लागते, एक वाक्य लिहावे लागते. ज्या आजीला शाळेच्या पायरीवरही बसू दिले नाही, ती या चाचणीत नापास झाली तर तो रोग की इतिहास? हरियाणातील बल्लभगड येथे भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात हीच अडचण आली, तेव्हा निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत स्वतंत्र चाचणी तयार करण्यात आली. तिचा अहवाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे चौदा टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत बालपणी शिक्षण न मिळणे हा एक आहे. म्हणजे ज्यांना शिक्षण नाकारले, त्यांना रोगाचा धोका अधिक, आणि त्यांचा रोग ओळखण्याचे मापही त्यांच्या विरुद्ध झुकलेले. ही गाठ सोडविण्यासाठी चाचणी घेणाऱ्याच्या खुर्चीत आजीची बोली जाणणारे, तिच्या न शिकण्याचे कारण जाणणारे माणूस हवे. ती खुर्ची बहुधा संशोधन साहाय्यकाची असते. तेथे आपली मुलगी बसली, तर त्यात खाली पाहण्यासारखे काय आहे?

तेव्हा माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मंडळाने गुणगौरवाच्या यादीत डॉक्टर-अभियंत्यांच्या बरोबरीने प्रयोगशाळेतील मुलामुलींची नावे छापावीत. शिष्यवृत्तीचा काही भाग, तुटपुंज्या वेतनावर संशोधनात टिकू पाहणाऱ्यांसाठी राखावा. घरात वडीलधारे असतील तर त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने, नीट समजून-उमजून, स्मृतिविषयक अभ्यासांत सहभागी व्हावे. ज्या अभ्यासात आपण नसतो, त्याचे निष्कर्ष आपल्याला लागू पडतील याची हमी नसते. आणि पालकांनी पुढल्या भोजनप्रसंगी कोणी विचारले, तर मान वर करून सांगावे, की आमची मुलगी मेंदूच्या विकारांवर संशोधन करते. त्या वाक्यापूर्वी कोणताही शब्द जोडण्याची आवश्यकता नाही.

जयभीम!